पाच सामन्यांत स्ट्रायकर कळत नाही

१ सप्टेंबर २०२५ रोजी इंग्लंडमध्ये संध्याकाळचे सात वाजले, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि प्रीमियर लीगची उन्हाळी ट्रान्सफर विंडो बंद झाली. त्याच दिवशी लिव्हरपूलने न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकसाठी १२ कोटी ५० लाख पौंड मोजले. कुठल्याही ब्रिटिश क्लबने एका खेळाडूवर एवढे पैसे त्याआधी लावले नव्हते. इसाक जाणार हे दिसू लागल्यावर न्यूकॅसलने जर्मनीतल्या श्टुटगार्टहून निक वोल्टेमाडेला आणले होते, आणि शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डचा योआन विसाही घेतला. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलकडे व्हिक्टर ग्योकेरेस आला, मँचेस्टर युनायटेडकडे बेन्यामिन शेश्को, चेल्सीकडे जोआव पेद्रो आणि लियाम डेलॅप, तर लिव्हरपूलकडे इसाकच्याही आधी ह्युगो एकिटिके. वीस क्लबांनी मिळून त्या विंडोत ३ अब्ज पौंडांहून जास्त खर्च केला आणि चर्चेचा सगळा भर राहिला तो स्ट्रायकरांवर. दार बंद झाले की लिव्हरपूलपासून मुंबई-पुण्यापर्यंतच्या चाहत्यांमध्ये एकच वाद सुरू होतो: बाजी कोणी मारली आणि फसले कोण? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीच्या संघाने परदेशी खेळाडू उतरवला की गॅलरीत हाच वाद तितक्याच पोटतिडकीने घातला जातो. चाहत्यांच्या या पोटतिडकीबद्दल मला आदर आहे. पण हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नावर घातला जातो, आणि तोही हाताशी पुरावा सर्वांत कमी असताना.

विंडो म्हणजे खेळाडूंची नोंदणी करण्याची मुदत. फिफाच्या नियमांनुसार हंगामात अशा दोन मुदती असतात, एक उन्हाळ्यात आणि एक मध्यावर. इंग्लंडमध्ये ही पद्धत २००२-०३च्या हंगामापासून आली. त्याआधी तिथले क्लब मार्चअखेरपर्यंत केव्हाही खेळाडू घेऊ शकत. मुदत संपली की जानेवारीपर्यंत संघ आहे तसाच राहतो. त्यामुळे ऑगस्टमधला ‘कोणाला घ्यावे’ हा प्रश्न सप्टेंबरमध्ये ‘घेतला तो बरोबर की चूक’ असा होतो. पहिल्या प्रश्नाला निदान काही उपयोग असतो, कारण निर्णय अजून व्हायचा असतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर खेळाडू नव्या संघात कसा खेळतो हे माहीत हवे, आणि तो तर अजून दोन-चार सामनेही खेळलेला नसतो. मग चाहता हाताशी असलेल्या दोन आकड्यांकडे वळतो: मागच्या हंगामातले गोल आणि मोजलेली किंमत. महिनाभरात त्यात तिसरा आकडा येऊन मिळतो, पहिल्या पाच-सहा सामन्यांतले गोल. या तिन्ही आकड्यांवर स्ट्रायकरचा निकाल लावता येत नाही, हे माझे म्हणणे आहे. स्ट्रायकर कसा निघेल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: नव्या संघात चेंडू त्याच्याकडे कुठे, कसा आणि किती वेळा येणार.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला ३१ जानेवारी २०११ या एका दिवसाने ठेवला आहे. हिवाळी विंडोचा तो शेवटचा दिवस. चेल्सीने लिव्हरपूलचा फर्नांडो टोरेस ५ कोटी पौंडांना घेतला, तेव्हाचा तो ब्रिटिश विक्रम होता. लिव्हरपूलने ते पैसे लगेच दोन स्ट्रायकरांवर लावले: न्यूकॅसलचा अँडी कॅरोल साडेतीन कोटींना आणि आयॅक्सचा लुइस सुआरेझ सुमारे २ कोटी २८ लाखांना. टोरेस २६ वर्षांचा, विश्वविजेत्या स्पेनचा, लिव्हरपूलसाठी १४२ सामन्यांत ८१ गोल केलेला. कॅरोल २२ वर्षांचा, उंच आणि दणकट, त्या अर्ध्या हंगामात १९ लीग सामन्यांत ११ गोल. सुआरेझ २४ वर्षांचा. आदल्या हंगामात डच लीगमध्ये ३५ गोल केलेला, पण डच लीगचे गोल इंग्लंडमध्ये चालत नाहीत अशी शंका त्याच्याभोवती होतीच. किंमत हीच गुणवत्तेची मोजपट्टी असती तर क्रम टोरेस, कॅरोल, सुआरेझ असा लागला असता. मैदानावर तो बरोबर उलटा लागला, असेही म्हणता येणार नाही. पण तळाचा खेळाडू वर आला आणि वरचे दोघे घसरले. टोरेस चेल्सीसाठी ११० लीग सामने खेळला आणि त्याचे गोल झाले २०. सुआरेझही लिव्हरपूलसाठी नेमके ११० लीग सामनेच खेळला, गोल ६९. कॅरोलने ४४ लीग सामन्यांत ६ गोल केले.

या तीन किमती कशा ठरल्या तेही पाहण्यासारखे आहे. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी नंतर उघडच सांगितले की त्यांच्या दृष्टीने टोरेसची किंमत कॅरोलच्या किमतीला बांधलेली होती: कॅरोल अधिक दीड कोटी पौंड. न्यूकॅसल कॅरोलसाठी जितके वाढवून मागेल तितके चेल्सीकडून जास्त घ्यायचे. म्हणजे कॅरोलचे साडेतीन कोटी ही त्याच्या खेळाची पारख नव्हती. एका घाईच्या दिवशी तीन क्लबांमध्ये झालेल्या देवघेवीचा तो एक आकडा होता. स्ट्रायकर विकणाऱ्या क्लबला त्याच तासात दुसरा शोधायचा असतो, हे समोरच्याला माहीत असते, आणि घड्याळ जसे पुढे सरकते तशी किंमत चढते. २०२५मध्ये इसाक आणि विसा यांचे व्यवहार एकाच दिवशी पूर्ण झाले ते याच साखळीमुळे. विकणाऱ्याची अडचण, घेणाऱ्याची गरज, कराराची उरलेली वर्षे, खेळाडूचे वय आणि हातात उरलेले तास या सगळ्यांतून किंमत निघते. एर्लिंग हालांडला मँचेस्टर सिटीने २०२२मध्ये सुमारे ५ कोटी १० लाख पौंडांत नेले, कारण डॉर्टमुंडशी झालेल्या त्याच्या करारात तेवढ्या रकमेचे कलम होते. तेवढ्याच पैशांत चेल्सीला अकरा वर्षांपूर्वी टोरेस मिळाला होता. ‘एवढे पैसे मोजले म्हणजे वीस गोल हवेतच’ हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. पैसे क्लबच्या अडचणीचे मोजले जातात, आणि जबाबदारी मात्र खेळाडूच्या पायावर टाकली जाते.

आता पहिल्या काही सामन्यांकडे वळू, कारण सर्वांत जास्त निकाल तिथेच लागतात. फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो. दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साधारण पावणेतीन गोल होतात आणि गोलाच्या दिशेने मारलेल्या दहा फटक्यांतला जेमतेम एक जाळ्यात जातो. दुर्मीळ घटनांमध्ये नशिबाचा हात मोठा असतो, आणि तो किती मोठा हे साध्या गणिताने काढता येते. समजा एक स्ट्रायकर असा आहे की ३८ सामन्यांच्या हंगामात तो सरासरी १५ गोल करेल, चांगला, भरवशाचा. सुरुवातीच्या पाच सामन्यांत त्याला एकही गोल न होण्याची शक्यता सातात एक येते. आता दुसरा स्ट्रायकर घ्या, जो हंगामात सरासरी १०च गोल करेल. त्याने पहिल्या पाच सामन्यांत तीन किंवा अधिक गोल ठोकण्याची शक्यताही साधारण सातात एकच. दर सात चांगल्या स्ट्रायकरांपैकी एक सप्टेंबरअखेर ‘अपयशी’ ठरतो, आणि दर सात सामान्य स्ट्रायकरांपैकी एक ‘हिरा’ ठरतो. दोघांच्याही खेळात तसे काहीच घडलेले नसताना. खऱ्या लीगमध्ये तर प्रतिस्पर्धी सारखे नसतात, नवा खेळाडू कधी बदली म्हणून वीसच मिनिटे उतरतो, कधी त्याने पूर्वतयारीच केलेली नसते. इसाक न्यूकॅसलशी झालेल्या तणातणीमुळे त्या उन्हाळ्यात सराव सामने खेळलाच नव्हता. लिव्हरपूलसाठी त्याचा पहिला लीग गोल ३० नोव्हेंबरला वेस्ट हॅमविरुद्ध झाला, आणि तोवर त्याच्यावरचे निकालपत्र असंख्य वेळा वाचून झाले होते.

घाईच्या निकालाचे दोन नमुने शेजारी ठेवावेत असे आहेत. ३० जुलै २०२२ला लेस्टरमध्ये कम्युनिटी शील्डचा सामना झाला, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर सिटी. दोन्हीकडे नवा, महाग स्ट्रायकर: इकडे बेन्फिकाहून आलेला डार्विन नुन्येझ, तिकडे हालांड. नुन्येझ बदली म्हणून आला, त्याच्यामुळे पेनल्टी मिळाली आणि मग त्याने हेडरने गोलही केला. हालांडने शेवटच्या क्षणांत, समोर जाळे जवळजवळ मोकळे असताना, अगदी जवळून चेंडू आडव्या दांडीवर मारला. लिव्हरपूल ३-१ जिंकले आणि त्या रात्री अनेकांनी दोन्ही सौद्यांचा हिशेब पूर्ण करून टाकला. आठवडाभराने हालांडने वेस्ट हॅमवर दोन गोल केले, आणि हंगामअखेर त्याच्या नावावर ३६ लीग गोल होते. प्रीमियर लीगचा एका हंगामातला तो विक्रम आहे. नुन्येझचे त्या हंगामात ९ झाले. दुसरा नमुना रोमेलू लुकाकूचा. २०२१मध्ये चेल्सीने त्याला इंटर मिलानहून पावणेदहा कोटी पौंडांना परत आणले. आर्सेनलविरुद्ध पहिल्याच सामन्यात पंधराव्या मिनिटाला गोल, पहिल्या चार सामन्यांत चार गोल. चेल्सीला हरवलेला नऊ नंबर सापडला, असा आनंद झाला. हंगाम संपला तेव्हा लीगमध्ये त्याचे गोल होते ८, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो उसनवारीवर इंटरकडे परतला.

लुकाकूचे काय झाले हे समजून घेतले की मूळ मुद्दा हाती येतो. इंटरमध्ये आंतोनियो कॉन्टे दोन स्ट्रायकर खेळवत. लुकाकूच्या बाजूला लाउतारो मार्टिनेझ असे, आणि चेंडू हिसकावला की तो लुकाकूच्या पुढच्या मोकळ्या जागेत टाकला जाई. एवढा मोठा देह वेगात धावत सुटला की बचावपटूंना तो आवरत नसे. २०२०-२१मध्ये त्याने २४ लीग गोल केले आणि इंटर अकरा वर्षांनी विजेते झाले. चेल्सीत थॉमस टुखेल यांच्या संघात तो आघाडीवर एकटा होता. समोरचे संघ आपल्या गोलाजवळ दाटीवाटीने उभे राहत, चेल्सी चेंडू संथपणे फिरवत राही, आणि गोलाकडे पाठ करून उभ्या असलेल्या लुकाकूने तो पायावर धरून ठेवावा अशी अपेक्षा असे. १९ फेब्रुवारी २०२२ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तो पूर्ण ९० मिनिटे खेळला आणि चेंडूला त्याचा स्पर्श झाला फक्त सात वेळा. त्यातला एक तर मध्यावरून खेळ सुरू करतानाचा. पूर्ण सामना खेळलेल्या खेळाडूचा इतका कमी आकडा, नोंदी ठेवायला लागल्यापासून, प्रीमियर लीगमध्ये कधी आला नव्हता. त्या दिवशी लुकाकूची गोल करण्याची कला कुठे गेली होती, हा प्रश्नच लागू होत नाही. सात स्पर्शांत कोणाचीच कला दिसत नसते. वर्षभरात माणूस तोच होता, वय २८, शरीर धडधाकट. बदलले होते ते त्याच्याकडे येणारे चेंडू.

टोरेसचे आणि कॅरोलचे दुखणेही बरेचसे हेच होते. लिव्हरपूलमध्ये स्टीव्हन जेरार्ड मधल्या फळीतून मान वर करायचा आणि टोरेस बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या पट्ट्यात सुटलेला असायचा. चेल्सीसमोर उतरणारे संघ असा पट्टा मोकळा सोडत नसत, आणि संघाच्या मध्यभागी दिदिए ड्रॉग्बा आधीच उभा होता. सगळी रचना त्याच्याभोवती विणलेली. टोरेसचा चेल्सीसाठीचा पहिला गोल झाला तो ९०३ मिनिटांच्या खेळानंतर, २३ एप्रिल २०११ला, वेस्ट हॅमविरुद्ध. मुसळधार पावसाने मैदानात पाणी साचले होते, पास त्या पाण्यात अडकून थांबला, टोरेसला वळायला एक क्षण मिळाला आणि त्याने फटका मारला. कॅरोलसाठी तर लिव्हरपूलने पुढच्या उन्हाळ्यात मुद्दाम बाजूने क्रॉस टाकणारा स्टुअर्ट डाउनिंग आणला. कागदावर विचार अचूक होता. डाउनिंग २०११-१२मध्ये ३६ लीग सामने खेळला. त्याचा एकही गोल झाला नाही आणि त्याच्या पासवर दुसऱ्या कोणाचाही झाला नाही. ज्या विहिरीवर भरवसा ठेवला तीच आटली, मग पोहऱ्याला दोष देऊन काय होणार? सुआरेझ मात्र असा खेळाडू होता की चेंडू आणून देणारा नसला तरी स्वतः खाली उतरून तो मिळवायचा, दोघांना चकवून जागा तयार करायचा. तरीही त्याचे लीग गोल हंगामागणिक ४, ११, २३ आणि ३१ असे वाढत गेले. दीड वर्षानंतरही त्याच्यावर ‘संधी फार वाया घालवतो’ हा आक्षेप होताच.

मागच्या लीगमधल्या गोलांचा आधार किती धरायचा, याचे उत्तर डच लीगने तीन-चार वेळा दिले आहे. मातेया केझमानने २००३-०४मध्ये पीएसव्हीसाठी ३१ लीग गोल केले. चेल्सीत पहिल्या आणि एकमेव हंगामात ४. आफोन्सो आल्वेसने हिरेनवेनसाठी एका हंगामात ३४ केले. मिडल्सब्रोत ४२ लीग सामन्यांत १०. पण त्याच पीएसव्हीतून आलेल्या रूड व्हान निस्टलरॉयने मँचेस्टर युनायटेडसाठी १५० लीग सामन्यांत ९५ गोल केले, आणि सुआरेझचे तर वर आलेच आहे. एकाच लीगमधले, जवळजवळ सारखे आकडे, आणि पुढची गोष्ट पूर्ण वेगळी. यात आणखी एक मेख आहे. क्लब स्ट्रायकर विकत घेतात ते त्याच्या सर्वोत्तम हंगामानंतर. सर्वोत्तम हंगामात कौशल्य असते तसे नशीबही असते, आणि नशीब पुढच्या वर्षी त्याच्यासोबत प्रवास करेलच असे नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून दाखवून दिले होते की टोकाचे आकडे पुढच्या खेपेला सरासरीकडे झुकतात. म्हणून ३० गोलांच्या हंगामानंतर १८ झाले, तर खेळाडू ‘बिघडला’ असे लगेच म्हणू नये. बऱ्याचदा तो होता तिथेच असतो. आपण त्याला एका चढावर पाहिलेले असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: खरा स्ट्रायकर कुठेही गोल करतो, हालांडकडे पाहा, हॅरी केनकडे पाहा. आक्षेपात तथ्य आहे. केनने बायर्न म्युनिकसाठी पहिल्याच हंगामात, २०२३-२४मध्ये, ३६ लीग गोल केले, आणि टॉटनममध्येही तो वर्षानुवर्षे करतच होता. असे काही जण असतात. पण ते कुठे गेले तेही पाहायला हवे. हालांड येण्याच्या आदल्या हंगामात सिटीने लीगमध्ये ९९ गोल केले होते. केन येण्याच्या आदल्या हंगामात बायर्नने ९२. म्हणजे गोलांची शेते आधीच पिकत होती, कापणीला चांगला माणूस हवा होता. यावरून एवढेच दिसते की अव्वल स्ट्रायकर आणि भरपूर संधी तयार करणारा संघ एकत्र आले की आकडे डोळे दिपवतात. सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या संघात, जिथे बॉक्समध्ये स्ट्रायकरकडे चेंडू मोजक्याच वेळा येतो, तिथे ‘कुठेही गोल करतो’ हे वाक्य टिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आकडे बाजूला ठेवा, आमच्या डोळ्यांना दिसते. टोरेसच्या बाबतीत डोळे बरोबर होते, हे मान्य केलेच पाहिजे. २०१० साली त्याच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. लिव्हरपूलमधल्या शेवटच्या अर्ध्या हंगामातच त्याची ती पहिल्या पाच पावलांची झेप मंदावलेली अनेकांना दिसली होती, आणि चेल्सीने पैसे मोजले ते दोन वर्षांपूर्वीच्या टोरेसचे. ज्या चाहत्यांनी तेव्हा हे सांगितले त्यांचा अंदाज गोल मोजणाऱ्यांपेक्षा सरस ठरला. पण लक्षात घ्या, त्यांनी पाहिले काय? गोल नव्हे, धाव, वळण, बचावपटूच्या खांद्यावरून निसटण्याचा वेग. डोळ्यांनी पाहायचे ते हेच. आंद्री शेवचेन्को २००६मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर चेल्सीत आला आणि ४८ लीग सामन्यांत त्याचे ९ गोल झाले, तेव्हाही आधी जाणवली होती ती पायांची मरगळ. माझा आक्षेप डोळ्यांवर नाही. जाळे हलले की नाही एवढेच पाहणाऱ्या नजरेवर आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो माझ्याच मुद्द्याला उलटा लावता येतो: नुन्येझला संधी तर ढिगाने मिळत होत्या, मग त्याचे काय? खरे आहे. लिव्हरपूलमध्ये चेंडू त्याच्याकडे येत होता, तो योग्य जागी पोहोचतही होता. ३१ जानेवारी २०२४ला चेल्सीविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याचे चार फटके गोलच्या खांबा-दांडीवर आदळले, त्यात एक पेनल्टी. प्रीमियर लीगच्या नोंदींत असे एका खेळाडूच्या बाबतीत पूर्वी घडले नव्हते. पण तीन हंगामांतले लीग गोल ९, ११ आणि ५ असेच राहिले, आणि २०२५मध्ये तो सौदी अरेबियाच्या अल हिलालकडे गेला. इथे शेवटच्या फटक्याची सफाईच कमी पडली, हे मान्य. संधी मिळणे म्हणजे सगळे नव्हे. फक्त, ही सफाई आहे की नाही हे कळायला शेकडो फटके लागतात. नुन्येझबद्दलचा निष्कर्ष तीन हंगामांनंतर पक्का म्हणता येतो. पहिल्या महिन्यात तोच निष्कर्ष काढणाऱ्याचे उत्तर पुढे बरोबर निघाले तरी त्याच्याकडे पुरावा नव्हता. उलट बाजूची माणसेही तितकीच खरी आहेत. डेनिस बर्गकँपला १९९५मध्ये आर्सेनलसाठी पहिल्या सात सामन्यांत गोल झाला नाही. थिएरी ऑन्री १९९९मध्ये युव्हेंटसहून विंगर म्हणून आला, सुरुवातीचे कित्येक सामने कोरडे गेले, आर्सेन वेंगर यांनी त्याला मधे आणले आणि तो आर्सेनलसाठी २२८ गोल करून गेला. ड्रॉग्बाचे चेल्सीतले पहिले दोन हंगाम १० आणि १२ लीग गोलांचे, तिसऱ्यात २०. कोणी म्हणेल की अशी उदाहरणे निवडून काढता येतात, धीर धरूनही न उमललेले स्ट्रायकर याहून कितीतरी जास्त असतील. असतीलच. म्हणूनच मी ‘धीर धरा’ असे म्हणत नाही. नुसता धीर हेही एक आंधळेपणच आहे. पाहायचे काय ते बदला, एवढेच माझे म्हणणे.

मग पाहायचे काय? फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला यावरून तसे फटके एरवी किती वेळा गोल होतात हे काढता येते. त्या बेरजेला ‘अपेक्षित गोल’ म्हणतात आणि आता अनेक प्रक्षेपणांत तो आकडा पडद्यावर येतो. पेनल्टीचा त्यात साधारण ०.७९ धरतात, म्हणजे शंभरात एकोणऐंशी. लांबून मारलेल्या फटक्याचा दोन-तीन शतांश. दहा सामन्यांत स्ट्रायकरचे गोल होतात चार-पाच, पण फटके होतात पंचवीस-तीस आणि बॉक्समधले स्पर्श त्याहून जास्त. मोठ्या आकड्यात नशिबाची गडबड कमी, म्हणून गोलांपेक्षा हे आकडे लवकर बोलू लागतात. स्ट्रायकरला चांगल्या जागेवरून फटके मिळत असतील आणि गोल होत नसतील, तर चिंता थोडी कमी करावी. फटकेच मिळत नसतील, तर बोट त्याच्याकडे दाखवण्याआधी बाजूने क्रॉस कोण टाकतो, मधून चेंडू कोण सोडतो, आणि त्याच्या धावण्याची दिशा संघाला ठाऊक तरी आहे का, हे विचारावे. वोल्टेमाडे जवळजवळ दोन मीटर उंचीचा, पण खाली उतरून चेंडू पायात घेणारा, इतरांना खेळवणारा स्ट्रायकर आहे. १३ सप्टेंबर २०२५ला वुल्व्हजविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने हेडरने न्यूकॅसलचा एकमेव गोल केला आणि सामना जिंकून दिला. पण न्यूकॅसलच्या विंगर्सना तीन वर्षे सवय होती ती इसाकची, बचावफळीच्या मागे सुटणाऱ्या माणसाची. तो गोल आनंदाचा होताच. वोल्टेमाडेच्या बाबतीत खरा प्रश्न मात्र त्या गोलाच्या पलीकडे होता. पास देणारे आपली जुनी सवय बदलतात का, हा.

चाहत्याला हे सगळे कशाला, त्याने आपला जीव जाळ्यात गुंतवावा, असेही कोणी म्हणेल. पण चाहत्याच्या ओरडण्याला फुटबॉलमध्ये वजन आहे. मैदानातली हुर्यो खेळाडूच्या पायापर्यंत पोहोचते, मॅनेजरची खुर्ची हलवते, आणि पुढच्या विंडोत क्लब घाबरून आणखी एक महागडा नऊ नंबर उचलतो. टोरेस असताना चेल्सीने लुकाकूला पहिल्यांदा २०११मध्ये, अठराव्या वर्षी, आणले होते. त्याला वाढवण्याआधीच विकले आणि २०२१मध्ये कितीतरी पट पैसे देऊन परत घेतले. घाईच्या निकालांचा खर्च शेवटी तिकिटाच्या आणि वर्गणीच्या पैशांतूनच निघतो. तेव्हा पुढची विंडो बंद होईल आणि तुमच्या संघाचा नवा स्ट्रायकर मैदानात उतरेल, तेव्हा वाद जरूर घाला. फक्त पहिले दहा सामने गोलांच्या शेजारी आणखी एक गोष्ट मोजत चला: बॉक्समध्ये चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला, आणि तो कोणी आणून दिला. एक साधी वही आणि पेन्सिल एवढ्याला पुरते.